ऑक्टोपसच्या पिल्लांची मेस

आपल्या हॉस्टेलमध्ये सर्वात जास्त चर्चा कशावर होते? सबमिशन, केटी आणि मेस! डाळ पातळ, भाजी तीच, पोळी रबरासारखी... तरी आपण जगतो, पास होतो आणि वजनही वाढतं. आज मी तुम्हाला अशा एका मेंबरच्या मेसबद्दल सांगणार आहे, जो जेवणाबद्दल तक्रार करत नाही. जेवण चुकलं की तो महिन्याभरात सरळ मरून जातो. हा मेंबर म्हणजे टाकीत वाढवलेलं ऑक्टोपसचं पिल्लू.

आता मेकॅनिकलच्या मुलीला ऑक्टोपस कुठून सुचला, असं कोणीही विचारेल. सेमिनारसाठी मी मत्स्यपालनाच्या टाक्यांमधलं पाणी गाळून पुन्हा वापरण्याची सिस्टिम हा विषय घेतला होता. पंप, फिल्टर, चिलर वाचता वाचता लक्षात आलं, की खरा अवघड प्रश्न मशीनचा नाहीच. खरा प्रश्न आहे तीन मिलिमीटरच्या जीवाच्या तोंडात काय घालायचं, हा! सुमारे साठ वर्षं शास्त्रज्ञ या एका प्रश्नाच्या मागे लागले आहेत.

आपली ओळख

ऑक्टोपसला मराठी पुस्तकांत अष्टपाद म्हणतात. आपल्या बाजारात जी माकूळ मिळते ती त्याचीच चुलत बहीण. आयुर्वेदिक दुकानात किंवा पोपटाच्या पिंजऱ्यात दिसणारा समुद्रफेस हे माकुळीच्याच एका जातीच्या शरीरातलं कवच असतं. ऑक्टोपसला असं कवच नाही. म्हणूनच तो एवढ्याशा फटीतून आरपार निघून जातो. ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर तो आपल्याकडेही येतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी जे जीव दिसतात त्यांची नोंद ठेवण्याचं काम 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाने २०१७ मध्ये सुरू केलं. त्यांच्या नोंदींत ऑक्टोपसही आहे. म्हणजे हा प्राणी काही फक्त डिस्कव्हरी चॅनलवरचा नाही.

त्याला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी लोह लागतं, त्याच्या रक्तात तेच काम तांबं करतं. मज्जापेशी जवळजवळ ५० कोटी, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मेंदूत नसून आठ हातांमध्ये! एवढं सगळं असूनही साधा ऑक्टोपस, ज्याला शास्त्रीय भाषेत ऑक्टोपस वल्गारिस म्हणतात, तो जेमतेम एक ते दीड-दोन वर्षं जगतो.

आई आणि अंडी

मादी एका वेळी एक ते पाच लाख अंडी घालते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान, साधारण दोन मिलिमीटरची ही अंडी माळेसारखी कपारीच्या छताला टांगलेली असतात. त्यानंतर मादी शिकार सोडते, जेवण सोडते. अंड्यांवर पाण्याचा झोत मारत राहते, हातांनी ती साफ ठेवते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिची ताकद संपते आणि ती मरते. म्हणजे पिल्लांना आईकडून शिदोरी मिळते ती अंड्यातल्या बलकाचीच. पुढे सगळं स्वतःचं स्वतः.

आता साधा हिशेब करा. समुद्रात ऑक्टोपसची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहायची असेल, तर एका जोडीच्या लाखो पिल्लांपैकी सरासरी फक्त दोन मोठी व्हायला हवीत. निसर्गाने ही लॉटरी ठरवूनच ठेवली आहे. पण टाकी बांधणाऱ्या माणसाला ही लॉटरी परवडत नाही. त्याला लाखातून दोन नकोत, निदान काही हजार तरी हवेत. इथून गोष्ट अवघड होते.

पहिला घास

अंड्यातून निघालेलं पिल्लू सुमारे तीन मिलिमीटरचं असतं आणि त्याच्या प्रत्येक हातावर फक्त तीन चोषके असतात. मोठा ऑक्टोपस तळाशी राहतो, पण हे पिल्लू पाण्यात तरंगतं. पाण्याच्या तापमानाप्रमाणे साधारण दीड ते दोन महिने असंच तरंगून मग ते तळाला बसतं आणि 'खरा' ऑक्टोपस होतं. सगळा खेळ या पहिल्या दोन महिन्यांचा आहे.

हे पिल्लू डोळ्यांनी बघून शिकार करतं. त्यामुळे त्याच्या अन्नाला तीन अटी आहेत. एक, ते हललं पाहिजे. मेलेलं, तळाला पडलेलं अन्न त्याच्या लेखी अन्नच नाही. दोन, त्याचा आकार बरोबर पाहिजे. फार लहान असेल तर मेहनतीच्या मानाने पोट भरत नाही, फार मोठं असेल तर पकडता येत नाही. तीन, त्यात शरीर बांधायला लागणारा माल असला पाहिजे. पहिल्या दोन अटी जमतात. तिसऱ्या अटीवर भले भले नापास झाले आहेत.

मत्स्यपालनात लहान पिल्लांसाठी जगभर आर्टेमिया नावाचा खाऱ्या पाण्यातला जीव वापरतात. याची गंमत अशी, की त्याची अंडी वाळवून डब्यात भरून ठेवता येतात, आणि खाऱ्या कोमट पाण्यात टाकली की साधारण २४ तासांत त्यातून जिवंत पिल्लं बाहेर येतात. थोडक्यात, मॅगीसारखं तयार जिवंत अन्न! अमेरिकेच्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक यासाठी प्रसिद्ध आहे. पण आर्टेमिया आपल्याला परका नाही. वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद १९५०च्या दशकातली आहे.

कोळंबीच्या पिल्लांना आर्टेमिया चालतो. ऑक्टोपसची पिल्लंही तो आवडीने पकडतात, पोट भरतात आणि तरीही काही आठवड्यांत मरतात. असं का?

पोट भरलं, पण मेंदू उपाशी

कारण आहे चरबीच्या प्रकारात. ऑक्टोपसच्या अंगात एकूण चरबी फारच थोडी असते, बहुतेक सगळं प्रोटीन. पण जी थोडी चरबी लागते ती अगदी ठरावीकच लागते. त्यात डीएचए नावाचं ओमेगा-३ पाहिजे, फॉस्फोलिपिड पाहिजेत आणि कोलेस्टेरॉलही पाहिजे. डोळे, मज्जातंतू आणि प्रत्येक पेशीची भिंत याच मालातून बनते. ज्या पिल्लाच्या शरीरात डोळे आणि मेंदू हाच मोठा भाग आहे, त्याला हे कमी पडलं तर काय होणार?

आर्टेमियात डीएचए जवळजवळ नसतंच. मग शास्त्रज्ञांनी युक्ती केली. आर्टेमियालाच आधी चांगलं खाऊ घालायचं, समुद्रातली सूक्ष्म शेवाळं किंवा माशाच्या तेलाचं मिश्रण द्यायचं आणि मग तो पिल्लांना द्यायचा. म्हणजे डब्यात माल भरून डबाच खायला देण्यासारखं. पण इथेही एक गोम आहे. आर्टेमिया स्वतः जिवंत आहे. पोटात घेतलेल्या डीएचएचं तो ईपीए नावाच्या दुसऱ्या ओमेगा-३ मध्ये रूपांतर करून टाकतो. डब्यात भरलेला माल डबाच खाऊन टाकतो म्हणा ना!

उत्तर सापडलं ते खेकड्यांच्या पिल्लांमध्ये. खेकडा आणि कोळंबी यांच्या अगदी लहान अवस्थेला झोइया म्हणतात. समुद्रात ऑक्टोपसची पिल्लं असेच जीव खातात आणि त्यांत लागणारं सगळं असतं. जपानमध्ये १९६३ सालीच कोळंबीच्या झोइयावर ऑक्टोपसची पिल्लं तळाला बसेपर्यंत वाढवली गेली होती. पुढे स्पेनच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या व्हिगो येथील केंद्रात आर्टेमिया आणि स्पायडर खेकड्याचे झोइया असा दुहेरी आहार देऊन अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं पूर्ण जीवनचक्र टाकीत करून दाखवलं. ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

प्रश्न सुटला? नाही. एका प्राण्याची पिल्लं जगवायला दुसऱ्या प्राण्याची हॅचरी चालवायची, त्याच्या माद्या सांभाळायच्या आणि रोज ताजी पिल्लं काढायची, हा खर्च कोण करणार? प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट कारखान्यात जमतेच असं नाही, हे आपल्याला वर्कशॉपमध्ये पहिल्याच वर्षी कळतं.

पाण्याची तब्येत

जेवणाइतकंच पाणी महत्त्वाचं. यातल्या काही गोष्टी आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट स्ट्राँशियमची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यात स्ट्राँशियम असतं फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास. प्रयोगशाळेत तयार केलेल्या कृत्रिम समुद्रपाण्यात हे नसेल, तर माकूळ-ऑक्टोपस गटातली पिल्लं जन्मतःच गोल गोल गिरक्या घेत पोहतात! त्यांच्या तोल सांभाळणाऱ्या अवयवातला खडा नीट तयार होत नाही. हे १९८९ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं. १०,००० लिटरची टाकी धरली तर ३५० किलो क्षारांत सुमारे ८० ग्रॅमचा हा मामला आहे. स्पेसिफिकेशनमधली एक ओळ गळली तर काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट तांब्याची. रक्तासाठी तांबं अन्नातून हवं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष आहे. म्हणून ऑक्टोपसच्या टाकीला तांब्याचा किंवा पितळेचा पाइप, व्हॉल्व्ह लावायचा नाही. चिलरची कॉइलसुद्धा नाही.

तिसरी अमोनियाची. प्रोटीन खाणारा प्राणी नायट्रोजन बाहेर टाकणारच. १० किलो मासळीत साधारण १.८ किलो प्रोटीन धरा, त्यात सुमारे ३०० ग्रॅम नायट्रोजन आलं. त्यातलं काही अंगाला लागतं, उरलेलं मुख्यतः अमोनियाच्या रूपात पाण्यात येतं. म्हणून बायोफिल्टर कागदावर पुरेल एवढा धरून चालत नाही, त्याहून मोठाच लागतो.

चौथी गोष्ट प्रवाहाची. इवलीशी पिल्लं टाकीच्या भिंतीला आपटतात आणि त्यांची कातडी सोलते. त्या जखमेतून व्हिब्रिओ जातीचे जीवाणू शिरतात. काही पिल्लं दमून तळाला बुडतात आणि तिथेच संपतात. २०१८ च्या सुमारास जपानी संशोधकांनी टाकीत पाणी हळूहळू खालून वर येईल असा प्रवाह ठेवला, सोबत खेकड्याचे झोइया दिले आणि पिल्लांचं जगण्याचं प्रमाण खूप सुधारलं. बघा, औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त प्रवाहाची दिशा! आपण फ्लुइड मेकॅनिक्स शिकतो ते असं कुठेतरी उपयोगी पडतं.

पिल्लू मोठं झालं की आजारही बदलतात. अ‍ॅग्रिगाटा नावाचा परजीवी खेकडा-कोळंबीतून ऑक्टोपसच्या आतड्यात जातो. मग खाल्लेलं अंगी लागत नाही आणि प्राणी खंगत जातो. शिवाय गर्दी झाली किंवा लहानमोठे एकत्र ठेवले, तर ते एकमेकांनाच खातात.

माया नावाचा सोपा पेपर

सगळे ऑक्टोपस एवढे अवघड नाहीत. मेक्सिकोच्या युकातान भागात ऑक्टोपस माया नावाची जात आहे. हे नाव तिथल्या माया लोकांवरून पडलं, पण आपल्या मराठी कानाला ते छानच वाटतं. याची अंडी मोठी, साधारण १७ मिलिमीटरची. पिल्लू तरंगत बसत नाही, बाहेर आल्या आल्या तळावर चालायला लागतं. त्यामुळे झोइयाची भानगडच नाही.

तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या सिसाल केंद्रात या पिल्लांना माकूळ आणि खेकडा यांची पेस्ट जिलेटिनमध्ये घट्ट करून देतात. म्हणजे मांसाची जेलीच. एक महत्त्वाची गोष्ट तिथे लक्षात आली. तोच खेकडा उष्णता देऊन शिजवला की त्याचं प्रोटीन नीट पचत नाही, पण गोठवून वाळवला तर पचतं. पिल्लांना लपायला शंखांची रिकामी कवचं ठेवतात. प्रत्येकाला आपली रूम मिळाली की भांडणं कमी होतात, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!

भिवंडीत टाकी बांधली तर?

हे सगळं वाचल्यावर डोक्यात हाच विचार येतो. आपल्याजवळ काल्हेर-कशेळीची खाडी आहे, गोदामं आहेत, मग होईल का?

खाडीचं पाणी तर सरळ बाद. पावसाळ्यात उल्हास आणि कामवारीचं गोडं पाणी उतरलं की क्षार एकदम खाली येतात. ऑक्टोपसला खारटपणातला असा बदल सोसत नाही. म्हणजे पाणी बाहेरून आणा किंवा बनवा. मग तापमान. साध्या ऑक्टोपसला २० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. आपलं पाणी ३० अंशांचं धरू. १०,००० लिटर पाणी १० अंशांनी थंड करायला साधारण ४ लाख किलोज्यूल उष्णता काढावी लागते, म्हणजे १११ युनिट. चिलरचा सीओपी ३ धरला तर एकदाच ३७ युनिट वीज. त्यानंतर भिंतींतून, पंपांतून आणि मे महिन्याच्या हवेतून आत येणारी उष्णता रोज वेगळी. आणि वीज गेली तर? ऑक्सिजन कमी झाला की हा प्राणी जास्त वेळ देत नाही. जनरेटर शोधेपर्यंत बॅच संपलेली असेल.

थोडक्यात, पैसे ओतले तर होईल. पण व्हावं का?

तीनास एक

मोठ्या होणाऱ्या ऑक्टोपसचं एक किलो वजन वाढवायला साधारण तीन किलो मासळी-खेकडे लागतात. स्पेनमधील नुएव्हा पेस्कानोव्हा या कंपनीने टाकीत ऑक्टोपसचं जीवनचक्र पूर्ण केल्याचं २०१९ मध्ये जाहीर केलं आणि पुढे लास पाल्मास बंदरात वर्षाला सुमारे ३,००० टनांच्या फार्मची योजना मांडली. तीनास एक धरलं तर त्याला ९,००० टन खाद्य लागेल. ते येणार समुद्रातूनच. मत्स्यपालनाने समुद्रावरचा भार कमी व्हावा अशी अपेक्षा असते. इथे उलट होण्याचीच भीती आहे.

दुसरा प्रश्न त्याच्या हुशारीचा. ऑक्टोपस बरणीचं झाकण उघडतो, वाट लक्षात ठेवतो आणि एकटं राहणं पसंत करतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २०२१ मधील अहवालात म्हटलं होतं, की ऑक्टोपसला वेदना जाणवतात याचे भक्कम पुरावे आहेत आणि त्याला नीट सुखात ठेवून फार्म चालवणं शक्य दिसत नाही. २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात त्याला संवेदनक्षम प्राणी मानलं गेलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी ऑक्टोपस फार्मिंगवर बंदी आणली.

माझं मत विचाराल तर, पिल्लांचा आहार शोधण्याचं संशोधन चालू राहिलं पाहिजे, कारण त्यातून समुद्र कळतो. पण कारखान्याच्या बाजूने मला मत देता येत नाही. एकट्या राहणाऱ्या जीवाला गर्दीत ठेवायचं, त्याला तिप्पट मासळी घालायची आणि तो श्रीमंतांच्या ताटात पाठवायचा, हा हिशेब मला पटत नाही.

मग हे ज्ञान आपल्याकडे कशाला?

कारण यातलं बरंचसं आपल्या जिताड्याला लागू पडतं. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तळ्यातला जिताडा प्रसिद्ध आहे. पूर्वी खाडीतली पिल्लं पकडून तळ्यात सोडत. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये हॅचरीत जिताड्याची पिल्लं तयार केली. त्याचीही मेस अशीच पायऱ्यापायऱ्यांची. आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, मग आर्टेमिया, मग हळूहळू गोळीखाद्य. तोही भावंडांना गिळतो, म्हणून पिल्लांची आकाराप्रमाणे वरचेवर छाननी करावी लागते. पण तो गोड्या पाण्यापासून खाऱ्यापर्यंत सगळीकडे जगतो, आपली उष्णता सोसतो आणि गोळीखाद्यावर वाढतो. कालवं आणि तिसऱ्या तर आणखी गुणी. त्यांना खायलाच घालावं लागत नाही, पाणी गाळून त्या आपलं पोट भरतात.

प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनो, इथे खूप काम आहे. पिल्लांची इजा न करता छाननी करणारं साधं यंत्र, ऑक्सिजन कमी झाला की मोबाइलवर मेसेज देणारा स्वस्त सेन्सर, वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप... यातली कुठलीही गोष्ट खारेपाटातल्या एखाद्या तळेवाल्याची अख्खी बॅच वाचवू शकते. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून मत्स्यशास्त्र शिकवते आहे आणि ती आपल्यापासून फार लांब नाही. मत्स्यवाले आणि मशीनवाले एका टेबलावर बसले, तर दोघांचाही फायदा आहे.

आणि मेसबद्दल शेवटचं. पोट भरणं आणि पोषण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तीन मिलिमीटरच्या पिल्लांनी शास्त्रज्ञांना शिकवलं. रात्री दोन वाजता वडापाव आणि कटिंगवर सबमिशन लिहिणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल